शनिवार-रविवारची मोटार : दोन लहान गाड्यांतून एक कशी निवडावी?

अशी कल्पना करा की तुमचे घर नांदेडला आहे. तुमच्या ताईला लातूरच्या महाविद्यालयात अकरावीला प्रवेश मिळाला आहे आणि शनिवारी तिला वसतिगृहात पोहोचवायचे आहे. बरोबर तिची ट्रंक, गादीची वळकटी आणि पुस्तकांच्या दोन पिशव्या आहेत. आजीला नातीची खोली स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आहे, त्यामुळे तीही येणार. रविवारी औशाचा किल्ला आणि खरोशाची लेणी पाहून परत यायचे, असा बेत आहे. बाबांना मोटार चालवता येते, पण घरी मोटार नाही. म्हणून दोन दिवसांसाठी ती भाड्याने घ्यायची ठरते.

भाड्याने मोटारी देणाऱ्याकडे दोन लहान गाड्या उभ्या आहेत. एक मारुती सुझुकीची आल्टो के-१० आणि दुसरी त्याच कंपनीची वॅगन आर. पहिलीचे भाडे कमी, दुसरीचे थोडे जास्त. बाबा म्हणतात, "लहान गाडी घेऊ, पेट्रोलही वाचेल." आई म्हणते, "सामान बसायला नको का?" आजी काहीच बोलत नाही, फक्त आपले गुडघे चोळते.

कोणाचे म्हणणे बरोबर? हे ठरवायला वाद घालण्याची गरज नाही. शाळेत शिकलेले थोडे पदार्थविज्ञान, एक मोजपट्टी आणि कागद-पेन्सिल एवढे साहित्य पुरे आहे.

एकच एंजिन, दोन शरीरे

आल्टो हे नाव जपानमध्ये १९७९ साली आणि वॅगन आर हे नाव १९९३ साली प्रथम आले. जपानमध्ये अगदी लहान मोटारींचा एक वेगळा वर्ग आहे. त्या वर्गातील मोटारीची लांबी ३.४ मीटर व रुंदी १.४८ मीटर यांपेक्षा जास्त असून चालत नाही. उंचीला मात्र २ मीटरपर्यंत मुभा आहे. आता विचार करा, लांबी-रुंदी वाढवता येत नसेल आणि आतली जागा तर वाढवायची असेल, तर काय करावे? गावात जागा कमी पडली की आपण घरावर माळा चढवतो, तसेच मोटार उंच करावी. वॅगन आरचा उंच, डब्यासारखा आकार या युक्तीतून आला. भारतात ती १९९९ च्या अखेरीस आणि आल्टो २००० साली आली. आज भारतात मिळणाऱ्या या गाड्या जपानी मर्यादेपेक्षा थोड्या मोठ्या आहेत, पण मूळचा स्वभाव टिकून आहे.

आपल्या तुलनेसाठी ही जोडी फार सोयीची आहे. कारण २०२२ सालच्या आवृत्तीपासून दोन्हींत ९९८ घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे एकच पेट्रोल एंजिन मिळते. त्याची शक्ती सुमारे ५० किलोवॅट आहे. (वॅगन आर याहून मोठ्या, १,१९७ घन सेंटिमीटरच्या एंजिनासहही मिळते, पण आपण लहान एंजिनाचीच गाडी घेऊ.) जणू एकाच ताकदीचे दोन बैल दोन निरनिराळ्या गाड्यांना जुंपले आहेत. म्हणजे जो फरक दिसेल, तो गाडीच्या वजनाचा आणि आकाराचा असणार.

मापे अशी आहेत :

आल्टो के-१० : लांबी ३,५३० मि.मी., रुंदी १,४९० मि.मी., उंची १,५२० मि.मी., सामानाची जागा २१४ लिटर.

वॅगन आर : लांबी ३,६५५ मि.मी., रुंदी १,६२० मि.मी., उंची १,६७५ मि.मी., सामानाची जागा ३४१ लिटर.

रिकाम्या गाडीचे वजन प्रकारानुसार थोडे बदलते. नेमका आकडा गाडीच्या नोंदणीपत्रावर पाहावा. आपल्या गणितासाठी आल्टोचे ७२५ किलोग्रॅम व वॅगन आरचे ८२५ किलोग्रॅम धरू.

पहिला हिशेब : सामान बसेल का?

ट्रंक मोजा. ६० सें.मी. लांब, ४० सें.मी. रुंद, ३० सें.मी. उंच. घनफळ ७२,००० घन सें.मी., म्हणजे ७२ लिटर. गादीची वळकटी ही वृत्तचिती आहे. व्यास ४० सें.मी. आणि लांबी ९० सें.मी. धरल्यास तिचे घनफळ सुमारे ११३ लिटर भरते. दोन पिशव्या प्रत्येकी ४० लिटरच्या. एकूण ७२ + ११३ + ८० = २६५ लिटर.

आल्टोची जागा २१४ लिटर, म्हणजे ५१ लिटर सामान बाहेर राहते. वॅगन आरमध्ये ७६ लिटर जागा उरते. पण येथे एक सावधगिरी हवी. घनफळ पुरेसे असले म्हणजे वस्तू बसतेच असे नाही. शंभर लिटरच्या पिंपात दीड मीटर लांबीची काठी आडवी मावणार नाही. म्हणून गाडी ठरवण्यापूर्वी मागचे दार उघडून मोजपट्टीने रुंदी आणि खोली मोजावी.

"उरलेली पिशवी मांडीवर घेऊ" किंवा "वळकटी टपावर बांधू" असे कोणी म्हणेल. दोन्ही उपाय वाटतात तितके निरुपद्रवी नाहीत. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता एकाएकी थांबली, तर जडत्वामुळे मांडीवरची पिशवी त्याच वेगाने पुढे जात राहते. टपावरच्या वळकटीमुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर गाडी अधिक कलते. शिवाय ती वाऱ्याला अडवते, त्याचा हिशेब पुढे येईलच.

दुसरा हिशेब : वजन आणि ताकद

प्रवाशांचे वजन मांडू. बाबा ७०, आई ६०, आजी ५५, ताई ५० आणि तुम्ही ४० किलोग्रॅम. एकूण २७५. सामान ४५ किलोग्रॅम. सगळे मिळून ३२०. म्हणजे भरलेली आल्टो १,०४५ किलोग्रॅमची आणि भरलेली वॅगन आर १,१४५ किलोग्रॅमची होईल.

५० किलोवॅट शक्ती या वजनांत वाटली, तर आल्टोच्या दर किलोग्रॅमला सुमारे ४८ वॅट आणि वॅगन आरच्या वाट्याला सुमारे ४४ वॅट येतात. हा फरक कोठे जाणवेल? नांदेड-लातूर रस्त्यावर हिवाळ्यात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले असतात. अशा ट्रॅक्टरला ओलांडण्यासाठी वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटरवर न्यायचा आहे असे समजा. मीटरमध्ये सांगायचे तर सेकंदाला १६.७ वरून २२.२ मीटर.

गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग, हे सूत्र तुम्हांला माहीत आहे. वेगांचे वर्ग सुमारे २७८ आणि ४९४. त्यांच्यातील फरक २१६, त्याचा निम्मा १०८. म्हणून आल्टोला सुमारे ११३ किलोज्यूल आणि वॅगन आरला सुमारे १२४ किलोज्यूल ऊर्जा जास्तीची लागेल. एंजिनाची २५ किलोवॅट शक्ती या कामासाठी मोकळी आहे असे धरले, तर आल्टोला साडेचार सेकंद आणि वॅगन आरला जवळजवळ पाच सेकंद लागतील.

अर्ध्या सेकंदाने काय होते? एवढ्या वेळात गाडी आठ-नऊ मीटर पुढे जाते. म्हणजे भरलेली उंच गाडी चालवताना ओलांडण्यासाठी समोरचा रस्ता तेवढा जास्त मोकळा हवा. यावरून एक गोष्ट लक्षात ठेवावी. फरक दोन गाड्यांत आहेच, पण रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत तो त्याहून कितीतरी मोठा आहे. रिकामी आल्टो एकट्याने चालवून पाहिली आणि "काय पळते!" असे म्हटले, तर ते पाच माणसांच्या प्रवासाला लागू पडणार नाही.

चढाचे काय? नांदेड गोदावरीच्या काठी आहे, तर लातूर बालाघाटाच्या पठारावर, अधिक उंचीवर. उंचीतील फरक समजण्यासाठी २०० मीटर धरा. भरलेल्या वॅगन आरला तेवढे वर नेण्यास १,१४५ × ९.८ × २०० म्हणजे सुमारे २२ लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२० लाख ज्यूल ऊर्जा असते, परंतु एंजिन तिच्यापैकी साधारण चौथा हिस्साच चाकांच्या कामी लावते. बाकीची उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून लिटरमागे ८० लाख ज्यूल उपयोगी धरू. या हिशेबाने चढासाठी वॅगन आरला २८० मिलिलिटर आणि आल्टोला २६० मिलिलिटर पेट्रोल लागेल. फरक वीस मिलिलिटरचा, म्हणजे चार चमच्यांचा! चढाची धास्ती आपण उगाच घेतो.

तिसरा हिशेब : वाऱ्याची भिंत

आता बाबांच्या मुद्द्याकडे वळू. पेट्रोल वाचेल का?

कंपनीने हाताने गिअर बदलण्याच्या प्रकारासाठी जाहीर केलेले आकडे पाहा. आल्टो के-१० लिटरला २४.३९ कि.मी. आणि वॅगन आर २४.३५ कि.मी. दोन्ही जवळजवळ सारखेच! मग आकार मोठा असून वॅगन आर जास्त पेट्रोल खात नाही काय?

याचे उत्तर चाचणीच्या पद्धतीत आहे. हे आकडे प्रयोगशाळेत, ठराविक वेगांच्या क्रमाने मिळवलेले असतात. त्या क्रमात शहरातल्यासारखा थांबत-चालत जाण्याचा, कमी वेगाचा भाग बराच असतो. कमी वेगात वारा फारसा अडवत नाही. सायकल हळू चालवताना वारा जाणवत नाही, पण उतारावर तोच वारा छातीवर थापा मारू लागतो, तसेच हे आहे. वायुरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो.

वायुरोध काढण्याचे सूत्र असे आहे : ½ × हवेची घनता × आकाराचा गुणक × समोरचे क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग.

आपल्या भागातील उंची आणि तापमान लक्षात घेता हवेची घनता दर घनमीटरला १.१ किलोग्रॅम धरू. आकाराचा गुणक दोन्ही गाड्यांसाठी ०.३५ धरू. समोरच्या क्षेत्रफळासाठी उंची आणि रुंदी यांचा गुणाकार करू. आल्टोचा २.२६ चौरस मीटर येतो, वॅगन आरचा २.७१. गाडीचे कोपरे गोल असतात आणि चाकांमधील जागा मोकळी असते, म्हणून यांचा ८५ टक्के भाग घेतला, तर सुमारे १.९ आणि २.३ चौरस मीटर येतात.

ताशी ८० किलोमीटर वेगाला आल्टोवरील वायुरोध सुमारे १८१ न्यूटन आणि वॅगन आरवरील सुमारे २१९ न्यूटन भरतो. यात टायर आणि रस्ता यांमधील रोध मिळवला पाहिजे. तो भरलेल्या गाडीच्या भाराच्या सुमारे १.२ टक्के धरला, तर अनुक्रमे १२३ आणि १३५ न्यूटन येतो. एकूण रोध आल्टोला ३०४ न्यूटन, वॅगन आरला ३५४ न्यूटन.

बल गुणिले अंतर म्हणजे कार्य. १०० किलोमीटर जाण्यास आल्टोला ३०४ लाख ज्यूल आणि वॅगन आरला ३५४ लाख ज्यूल लागतील. लिटरमागे ८० लाख ज्यूल या हिशेबाने आल्टोला ३.८ लिटर आणि वॅगन आरला ४.४ लिटर. जाहिरातीत दिसेनासा झालेला फरक मोठ्या रस्त्यावर असा पुन्हा वर येतो.

आपला प्रवास किती? नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूर सुमारे १४० किलोमीटर. जाऊन-येऊन २८०. लातूरहून औसा व खरोसा करून परत येण्यास सुमारे ९०, आणि शहरातले फिरणे ३० धरा. एकूण ४०० किलोमीटर. आल्टोला १५.२ लिटर, वॅगन आरला १७.६ लिटर. फरक २.४ लिटरचा. लिटरला १०५ रुपये भाव धरला, तर सुमारे २५० रुपये. बाबांचे म्हणणे खरे ठरले. पण थांबा, हिशेब अजून संपलेला नाही.

उजव्या पायाचे महत्त्व

हेच गणित वॅगन आरसाठी ताशी ७० किलोमीटर वेगाने करून पाहा. वायुरोध सुमारे १६७ न्यूटन होतो, टायरांचा रोध १३५ न्यूटनच राहतो. बेरीज ३०२ न्यूटन. म्हणजे ताशी ७० ने जाणारी वॅगन आर ताशी ८० ने जाणाऱ्या आल्टोपेक्षा जास्त पेट्रोल खाणार नाही! नांदेड-लातूर अंतराला ताशी ८० ने पावणेदोन तास लागतात, ताशी ७० ने दोन तास. फक्त पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. ताशी ६० ने तर वॅगन आरला १०० किलोमीटरला सुमारे ३.२ लिटरच पुरतील. प्रत्यक्षात एंजिनाची कार्यक्षमता प्रत्येक वेगाला सारखी नसते, त्यामुळे आकडे थोडे इकडे-तिकडे होतील. पण मुख्य गोष्ट बदलत नाही. पेट्रोलचा खर्च कोणती गाडी घेतली यापेक्षा चालवणाऱ्याचा उजवा पाय किती दाबला जातो, यावर अधिक अवलंबून असतो.

वेगाचा आणखी एक हिशेब आहे, आणि तो रुपयांत मोजता येत नाही. समोर एकाएकी बैल आला. चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागतो असे धरा. कोरड्या रस्त्यावर घर्षणाचा गुणक ०.७ घेतला, तर ताशी ६० वेगाने जाणारी गाडी सुमारे ३७ मीटरांत थांबते आणि ताशी ८० वेगाने जाणारी सुमारे ५८ मीटरांत. पावसाने रस्ता ओला होऊन गुणक ०.४ वर आला, तर ८० च्या वेगाला सुमारे ८५ मीटर लागतात. या सूत्रात वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटते, म्हणून थांबण्याचे अंतर दोन्ही गाड्यांना जवळजवळ सारखेच येते. पण टायर गुळगुळीत झालेले असतील, तर कोणतीच गाडी या अंतरात थांबणार नाही.

आजीचे गुडघे

आजी काही बोलली नव्हती, पण तिच्या गुडघ्यांनाही पदार्थविज्ञान लागू आहे. पाटावर बसलेल्या माणसाला उठताना जास्त कष्ट पडतात, खुर्चीवरून उठताना कमी. आसन जितके खाली, तितका गुडघा जास्त वाकतो, आणि शरीराचा भार गुडघ्यापासून तितक्या लांब पडतो. भार आणि अंतर यांच्या गुणाकाराला परिबल म्हणतात. मांडीच्या स्नायूंना ते पेलावे लागते. उंच गाडीत आसन उंच ठेवता येते, म्हणून वयस्क माणसांना तिच्यात चढणे-उतरणे सोपे जाते. रुंदीतही तेरा सेंटिमीटरांचा फरक आहे. तो सगळा आत मिळाला असे समजले, तर मागे बसणाऱ्या तिघांना प्रत्येकी चार सेंटिमीटर जास्त मिळतात. दोन तासांच्या प्रवासात चार सेंटिमीटर म्हणजे थोडे नव्हेत.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लातूरच्या गंजगोलाईत, जेथे चहूकडून रस्ते येऊन मिळतात आणि हातगाड्या, रिक्षा, माणसे यांची एकच दाटी असते, तेथे हेच तेरा सेंटिमीटर चालकाला अडचणीचे वाटतील. उंच गाडीला आडव्या वाऱ्याचा धक्काही अधिक लागतो. जे आत मिळते, त्याची किंमत बाहेर द्यावी लागते.

मग कोणती?

आता सगळे एकत्र मांडू. भाड्यातील फरक रोज ३०० रुपये आहे असे समजले, तर दोन दिवसांचे ६०० आणि पेट्रोलचे २५० मिळून वॅगन आर ८५० रुपयांनी महाग पडते. सावकाश चालवली, तर फरक भाड्यापुरताच उरतो. या पैशांत सामान आत बसते, टपावर काही बांधावे लागत नाही, प्रत्येकाला सीटचा पट्टा नीट लावता येतो आणि आजी आनंदाने येते. या प्रवासासाठी वॅगन आर योग्य.

पण हाच प्रवास आई-बाबा दोघेच, एक पिशवी घेऊन, ताईला भेटायला जाण्यासाठी करणार असतील, तर आल्टो घ्यावी. तेव्हा ५१ लिटरांची अडचण उरत नाही, गाडी हलकी राहते आणि पैसेही वाचतात. "चांगली गाडी कोणती?" हा प्रश्न अपुरा आहे. "कोणासाठी, किती सामान घेऊन, कोणत्या रस्त्याने?" एवढे विचारले म्हणजे तो पूर्ण होतो.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी आणखी चार गोष्टी पाहाव्यात. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या मोटारीची नंबरपाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी अशी भाड्याने घेऊ नये, कारण अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो. टायरच्या खाचांत झीज दाखवणारे लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला असेल, तर गाडी बदलून मागावी. भरलेल्या गाडीसाठी हवेचा दाब किती असावा हे चालकाच्या दारापाशी लावलेल्या पट्टीवर लिहिलेले असते, त्याप्रमाणे हवा भरावी. आणि सर्व पट्टे, मागचे मधलेसुद्धा, ओढून पाहावेत.

करून पाहा

१. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या मोटारीची उंची आणि रुंदी मोजा. तिचे समोरचे क्षेत्रफळ काढा आणि ताशी ४०, ६० व ८० किलोमीटर वेगांना वायुरोध किती येतो ते आलेखावर मांडा. रेषा सरळ येते की वक्र?

२. टपावर ६० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच ट्रंक बांधली, तर आल्टोचे समोरचे क्षेत्रफळ किती टक्क्यांनी वाढेल?

३. परतीच्या प्रवासात ताई आणि तिचे ४५ किलोग्रॅम सामान गाडीत नाही. वेग ताशी ७० ठेवल्यास वॅगन आरला लातूर ते नांदेड किती पेट्रोल लागेल? उत्तर काढा आणि मग सांगा, येताना गाडी हलकी झाली म्हणून वेग वाढवावा काय?